उज्जीवन सभेतला संदेश : बारीक आवाजाच्या तरुण पाळकाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. नेवासे तालुक्यातल्या एका गावी जानेवारीत तीन रात्रींची उज्जीवन सभा, म्हणजे ख्रिस्ती मंडळीचा विश्वास पुन्हा जागवायची सभा, आहे. विचारणारे बंधू नुकतेच धर्मशिक्षण संपवून आलेत, वय सत्तावीस. दुसऱ्या रात्रीचा संदेश, म्हणजे वचनावरचा उपदेश, त्यांच्याकडे दिलाय. चार-साडेचारशे माणूस बसेल. गेल्या वर्षी त्याच जागी आलेल्या पाहुण्यांनी म्हणे मांडव हलवून सोडला होता. ह्यांचा आवाज बारीक, स्वभाव भिडस्त. ते विचारतात, संदेशात सामर्थ्य येतं कुठून? शिकून येतं, की ज्याला मिळालं त्यालाच मिळालं?

सलाम, बंधू. छत्तीस वर्षं मी नगर जिल्ह्यातल्या मंडळ्यांमधून पाळक म्हणून फिरलो. आता निवृत्त आहे, त्यामुळे इतरांचे संदेश सतरंजीवर बसून ऐकायला मिळतात. उपदेशाबद्दल मला जे कळलं त्यातलं निम्मं तिथे बसायला लागल्यावर कळलं. हे उशिरा झालं, पण झालं.

आवाजाची काळजी आधी मिटवू. तिच्यापायी तुम्ही बाकीची तयारी बिघडवून घ्याल.

पुणे जिल्ह्यातल्या केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली जे उज्जीवन झालं त्याचं नाव आपण दर सभेत घेतो. त्या संध्याकाळी नेमकं काय चाललं होतं, ते मात्र फारसं कोणी सांगत नाही. ३० जूनला पंडिता रमाबाई योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय मुलींना उलगडून सांगत होत्या. त्या काळच्या वृत्तांतात नोंद आहे की त्या नेहमीसारख्याच, शांतपणे बोलत होत्या. बोलता बोलता समोरच्या मुली रडायला आणि मोठ्याने प्रार्थना करायला लागल्या, इतक्या की बाईंना आपलं बोलणं थांबवावं लागलं. आदल्या दिवशी पहाटे एका मुलीच्या अंगावर जाळ दिसला म्हणून तिच्या सोबतिणीने पाण्याची बादली आणायला धाव घेतली, ही तिथल्या मिशनरी मिनी एब्रम्स यांनी लिहून ठेवलेली गोष्ट सभांमधून रंगवून सांगितली जाते. माझं लक्ष त्या बादलीपेक्षा एका आकड्याकडे जातं. जानेवारीत बाईंनी विचारलं होतं, रोज प्रार्थनेला कोण बसेल? सत्तरेक जणी पुढे आल्या. जूनपर्यंत दिवसातून दोनदा बसणाऱ्या साडेपाचशेच्या घरात गेल्या होत्या. पाच महिने नांगरट चालली होती, आणि मग ते बी पडलं.

आणखी एक. योहानाचा आठवा अध्याय सुरू होतो तो दगड घेऊन उभ्या असलेल्या पुरुषांनी मध्ये आणून उभ्या केलेल्या बाईपासून. ऐकणाऱ्या कोण होत्या? विधवा, टाकलेल्या, दुष्काळातून उचलून आणलेल्या मुली. असा अध्याय अशा माणसांपुढे हळू आवाजात वाचला तरी कान टवकारले जातात.

तेव्हा तुमचं पहिलं काम जानेवारीतलं नाही, आत्ताचं आहे. त्या गावात बायकांची प्रार्थना कुठल्या वारी असते ते विचारा आणि दोन वेळा तरी जाऊन बसा. बोलू नका, नुसते बसा. कोणाचा मुलगा ऊसतोडीला गेलाय, कोणाच्या घरी वाटणीचा दावा चाललाय, कोणाची सून माहेरी जाऊन बसलीय, हे प्रार्थनेच्या विनंत्यांतूनच कळतं. आणि त्या बायका तुमच्या नावाने महिनाभर प्रार्थना करतील, हे वेगळंच. ज्या गावात आधी चहा प्यालो नाही त्या गावात माझे बहुतेक संदेश लोकांच्या डोक्यावरून गेले. ह्याला अपवाद फार थोडे.

आवाजाशिवायही वचन काम करतं ह्याचा मोठा पुरावा आपल्या घरातच आहे. कवी नारायण वामन टिळक १८९३ साली रेल्वेने राजनांदगावकडे चालले होते. डब्यातल्या एका अनोळखी गोऱ्या माणसाने त्यांच्या हातात नवा करार दिला. वाचता वाचता ते डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तिथेच अडकले. पुढे १८९५ साली फेब्रुवारीत मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. मधल्या काळात किती घालमेल झाली ते सगळ्यांना ठाऊक आहे. ज्या प्रवचनाने त्यांना धरलं ते त्यांनी कोणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मत्तयाच्या शुभवर्तमानाचे तीन अध्याय आणि छापील अक्षरं, एवढंच.

म्हणून तुमच्या बारीक आवाजाला माईक आहे, आणि माईक पुरतो. ज्यांनी मांडव हलवला त्यांच्याबद्दल मी काही वाईट बोलत नाही. काहींचा आवाज खरोखर देणगी असतो. पण तुम्ही त्या गावी गेलात की एक करून पाहा. गेल्या वर्षीच्या त्या रात्री मूळवचन, म्हणजे ज्या वचनावर संदेश होता ते, कोणतं होतं, असं चार जणांना विचारा. मी असं पुष्कळ ठिकाणी विचारलंय. "लई भारी बोलले" ह्यापलीकडे क्वचितच काही हाती लागतं.

आता शिकून येतं का ह्याचं उत्तर. येतं, बरंचसं येतं. रमाबाईंचंच बघा. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे. सगळं कुटुंब तीर्थक्षेत्रं हिंडत, देवळात बसून पुराण सांगत पोट भरत असे. आईने शिकवलेलं भागवत, अठरा हजार श्लोक, बाईंना लहानपणीच मुखोद्गत होते. पुराणिकाचं काम काय असतं? पोथी समोर ठेवायची, स्पष्ट वाचायची, येणाऱ्याजाणाऱ्याला थांबावंसं वाटेल अशी वाचायची. १८७४ च्या सुमाराला दुष्काळात आईवडील गेले, पुढे श्रद्धाही बदलली, पण पोथी समोर ठेवून माणसांना सांगायची ती रियाज झालेली पद्धत बदलली नाही. केडगावच्या त्या संध्याकाळी देवाचा आत्मा आला असं मी मानतो. तो ज्या गळ्यातून बोलला तो गळा मात्र कित्येक वर्षं देवळांच्या ओसरीवर तयार झालेला होता, हेही मी मानतो.

तेव्हा वाचन. आपल्याकडे शास्त्रपाठ तरुण संघातल्या कुठल्यातरी मुलाकडे ऐनवेळी सरकवतात. तो अडखळत, मान खाली घालून, बसचं वेळापत्रक वाचावं तसा वाचतो, आणि मग पाहुणे पस्तीस मिनिटं त्या उताऱ्यावर बोलतात. हे मला अजिबात पटत नाही. सभेत देवाचं वचन म्हणून जे काही आहे ते त्या पाठात आहे, तुमचं-माझं बोलणं हे त्यावरचं निरूपण. नहेम्याच्या आठव्या अध्यायात एज्रा शास्त्री लाकडी मंचावर उभा राहून पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचतो, मंदिराची सेवा करणारे लेवी लोक त्याचा अर्थ फोड करून सांगतात, आणि लोक रडतात. ते उपदेशाने रडले नाहीत. नुसतं ऐकून आणि कळून रडले. मग त्यांना सांगावं लागलं की रडू नका, जा, चांगलंचुंगलं खा, गोड प्या, आणि ज्यांच्या घरी काही नाही त्यांना ताटं पाठवा. (आपलं प्रीतिभोजन इथूनच आलं, असं आमच्या मंडळीचे एक जुने पंच ठासून सांगायचे. इतिहास कच्चा होता, स्वयंपाक पक्का.)

तुमचा पाठ तुम्ही स्वतःच वाचा. त्याआधी घरी तो रोज मोठ्याने वाचा, तीस दिवस तरी. दहाव्या-बाराव्या दिवसापर्यंत कंटाळा येईल. त्यानंतर एखादा शब्द असा टोचेल, जो आजवर कधी दिसलाच नव्हता. माझे चालले तेवढे संदेश तिथून निघाले. टीकाग्रंथांतून माहिती मिळाली, ती लागतेच. पण लोकांनी महिन्यानंतर आठवण काढली ती अशा टोचलेल्या शब्दाची.

माझ्या पहिल्या मोठ्या सभेत मी हे काही केलं नव्हतं. बावन्न मिनिटं बोललो. ग्रीक शब्द सांगितले, यरुशलेमचा नकाशा हवेत काढला, सहा मुद्दे आणि प्रत्येकाला तीन उपमुद्दे. पुढे बसलेली एक म्हातारी शेवटी जवळ आली, डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "पोरा, समदं चांगलं होतं, पर घोटभर पाणी प्यायला बी सवड दिली न्हाईस." तिचं म्हणणं कळायला मला दोन वर्षं लागली.

पाणी प्यायला सवड म्हणजे काय, ते मला पुढे कीर्तनातून कळलं. आपल्या भागात हे नवं नाही. एकोणिसाव्या शतकात नगरचे कृष्णराव सांगळे ख्रिस्ती कीर्तनं करत, टिळकांनीही केली. त्याहून मागे जायचं तर १६१६ साली गोव्यात रायतूरला फादर थॉमस स्टीफन्स यांचं मराठी क्रिस्तपुराण छापलं गेलं, अकरा हजारांच्या आसपास ओव्या, आणि ते ख्रिस्ती देवळांत वाचलं जात असे. ज्यांना कीर्तन-पुराण ऐकायची सवय आहे त्यांना तशाच चालीने सुवार्ता सांगावी, एवढा साधा विचार होता तो. कीर्तनकार पूर्वरंगात एक पद घेतो, त्याच्याभोवती निरूपण करतो, परत परत त्याच पदावर येतो. मध्ये सगळ्यांना भजनात घेतो. हीच ती पाण्याची सवड. मग उत्तररंगात एक आख्यान लावतो, आणि पूर्वरंगात जे तत्त्व म्हणून सांगितलं ते माणसांच्या बाबतीत घडताना दाखवतो. एक पद, एक आख्यान. सहा मुद्दे नाहीत.

टाळ-चिपळ्या घेऊन उभे राहा असं म्हणत नाही. ती कला आहे आणि अर्धवट केली की हसं होतं. पण बांधणी उचलता येते. मध्यावर थांबून सगळ्यांकडून मूळवचन म्हणवून घ्या, दोनदा, तीनदा. पेटीवाल्याला आधी सांगून ठेवलं असेल तर उपासना संगीत ह्या आपल्या गीतपुस्तकातल्या टिळकांच्या एखाद्या पदाचं एक कडवं सगळ्यांनी मिळून म्हणा आणि मग पुढे चला. आजही मांडवात निम्म्या म्हाताऱ्यांना चष्म्यावाचून वाचता येत नाही, काहींना चष्म्यानेही येत नाही. त्यांना घरी न्यायला एक वचन तोंडपाठ मिळालं तर ती रात्र फुकट गेली नाही.

हल्ली "शेजाऱ्याकडे वळा आणि त्याला सांगा" असा प्रकार दर पाच मिनिटांनी चालतो. माझ्या शेजारी एकदा ज्याच्याशी माझं सहा महिने बोलणं नव्हतं असे गृहस्थ होते. आम्ही दोघांनी वक्त्याच्या सांगण्यावरून एकमेकांना "देव तुझ्यावर प्रीती करतो" असं सांगितलं, आणि दोघंही पुन्हा समोर बघायला लागलो. "आमेन म्हणा", "जोरात म्हणा", "मला ऐकू नाही आलं" हेही तसंच. आमेन ओढून काढायचा नसतो. यायचा तेव्हा तो येतो, कधी नुसत्या सुस्काऱ्याने येतो.

आता जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं त्यावर येतो. उज्जीवन सभेत बसतं कोण? ह्या भागातल्या पुष्कळ घरांत ख्रिस्ती विश्वास तिसऱ्या-चौथ्या पिढीचा आहे. पुढे बायका, पदर सावरून, मांडीवर लेकरं. मध्ये म्हातारे. कडेला तरुण, मोबाईल हातात. पार मागे, मांडवाच्या बाहेर, अंधारात तंबाखू मळत उभे असलेले आठदहा जण. आणि संदेश देणारे बोलतात कोणावर? दारुड्यांवर, जुगाऱ्यांवर, मंदिरात जाणाऱ्या शेजाऱ्यांवर. म्हणजे जे तिथे नाहीत, किंवा फार तर बाहेर अंधारात आहेत, त्यांच्यावर. गैरहजर माणसाच्या पापावर बोललं की आमेन फार जोरात येतो. वक्त्याला वाटतं, आज सामर्थ्य उतरलं. उतरलं काहीच नाही. सगळे जण दुसऱ्याचं ऐकून खूश झालेत. इतर धर्मांची निंदा तर करूच नका. ती टाळ्या मिळवायची सगळ्यात हलकी वाट आहे, आणि दुसऱ्या दिवशी गावात शेजाऱ्यांशी राहायचं असतं ते ऐकणाऱ्यांना, तुम्हाला नाही.

दाविदाने दुसऱ्याची बायको घेऊन तिच्या नवऱ्याला लढाईत मारवलं होतं. नाथान संदेष्टा त्याच्याकडे गेला तेव्हा श्रोता एकच होता आणि तोही राजा. नाथानाने पापाचं नाव काढलं नाही. एका गरिबाच्या कोकरीची गोष्ट सांगितली. कोकरी त्याच्या ताटातलं खायची, त्याच्या पेल्यातलं प्यायची, त्याच्या कुशीत निजायची. श्रीमंताने ती पाहुण्यासाठी कापली. दावीद संतापला, असा माणूस मेलाच पाहिजे म्हणाला. मग नाथान म्हणाला, "तो मनुष्य तूच आहेस." सगळा उपदेश त्या एका वाक्यात आहे, पण ते पहिल्यांदा म्हटलं असतं तर नाथानाचं डोकं राहिलं नसतं. ऐकणाऱ्याने आधी स्वतःच निवाडा द्यायचा, आणि मग त्याला कळायचं की तो कोणाच्या बाबतीत दिला.

तुमच्या दुसऱ्या रात्रीसाठी मी असतो तर लूक पंधरा, उधळ्या मुलाची गोष्ट, घेतलं असतं. घासून गुळगुळीत झालेला अध्याय आहे, मुद्दामच सांगतो. फक्त वाटणी घेऊन घर सोडणाऱ्या आणि परत येणाऱ्या धाकट्या मुलाला अर्धाच वेळ द्या. बाप जिवंत असताना वाटणी मागणं म्हणजे काय, हे आपल्या गावात समजावून सांगावं लागत नाही. सातबाऱ्यावर नाव लावून घ्यायला तलाठ्याकडे खेटे घालणारा मुलगा आणि ओट्यावर बसून ते बघणारा बाप, हे चित्र प्रत्येकाने पाहिलंय. दोन वाक्यं पुरतात. बाप धावतो तिथे जरा थांबा. आपल्याकडे मोठ्या वयाचा, मानाचा माणूस रस्त्यावरून धावत नाही. धोतर सावरत धावणारा म्हातारा डोळ्यांपुढे उभा करा आणि गप्प बसा, पाच सेकंद. पाच सेकंद मंचावर फार लांब वाटतात, खाली नाही वाटत.

मग मोठ्याकडे वळा. मोठा शेतात होता, कामात होता, कधी घर सोडलं नाही. हा रविवार न चुकवणारा माणूस. तो आत जाईना. आणि नीट वाचा, बापाशी बोलताना तो "माझा भाऊ" म्हणत नाही, "हा तुमचा मुलगा" म्हणतो. बाप उत्तर देताना तेच उलटवतो, "हा तुझा भाऊ." दोन शब्दांचाच काय तो फरक. ह्या तालुक्यात बांधावरून बोलणं तोडलेले सख्खे भाऊ किती आहेत, ते तुम्हाला बायकांच्या प्रार्थनेत कळलेलं असेलच. कोणाचं नाव नका घेऊ, कोणाकडे बघूही नका. नुसतं ते वाक्य दोनदा वाचा. शिवाय त्या गोष्टीला शेवट नाही. मोठा आत गेला का, हे लूक सांगत नाही. बाप अंगणात उभा आहे, आतून वाजंत्री ऐकू येतेय, आणि गोष्ट तिथेच संपते. तुम्हीही तिथेच संपवा. "तर प्रियांनो, ह्यावरून आपण तीन गोष्टी शिकतो" असं म्हणालात की तो बाप अंगणातून उठून गेलाच म्हणून समजा.

हा संदेश मी एकदा दिला होता. त्या रात्री काही झालं नाही. कोणी रडलं नाही, पुढे कोणी आलं नाही, पंचांनी मोजून "बरं झालं" म्हटलं. मी खट्टू होऊन घरी गेलो. गहू काढायच्या दिवसांत त्या गावचा एक माणूस बाजारात भेटला. म्हणाला, "साहेब, त्या रात्रीपासून झोप लागेना. काल भावाच्या वट्यावर जाऊन बसलो." काय बोललात विचारलं तर म्हणाला, काही नाही, त्याने पाणी दिलं. बांधाचा वाद पुढे दोन वर्षं चाललाच. पाणी मात्र चालू राहिलं.

भाषेचं तुम्ही विचारलं नाहीत, पण शिकून आलेल्याला सांगावंच लागतं. "प्रायश्चित्त", "नीतिमत्त्व", "समर्थन" हे शब्द शास्त्रात आहेत, टाळू नका. पण प्रत्येकाला शेजारी एक घरचा शब्द द्या. रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षं बायबलचं मराठी भाषांतर करण्यात घालवली, ते साध्या, न शिकलेल्या बाईला कळावं म्हणून. संस्कृत ज्यांच्या जिभेवर नाचत होतं, कोलकात्याच्या पंडितांनी ज्यांना पंडिता आणि सरस्वती म्हटलं, त्या बाई शेवटी हे करत बसल्या. १९२२ साली त्या गेल्या आणि छापील ग्रंथ १९२४ ला आला. तुम्हाला-मला जड शब्द वापरायची हौस येते तेव्हा हे आठवावं. आणि हो, गावाकडची बोली मुद्दाम आणून बोलू नका. तुम्ही जसे घरी बोलता तसे बोला. खोटी बोली लोक पहिल्या मिनिटाला ओळखतात.

वेळेचं व्यवहारी सांगतो. कार्यपत्रिकेत तुमची वेळ साडेआठ लिहिलेली असेल. प्रास्ताविक, शाली, पुष्पगुच्छ, तीन साक्षी, त्यातली एक संपता न संपणारी, दानार्पण, लहान मुलांचं नृत्यगीत. माईक हातात येईल तेव्हा सव्वानऊ झालेले असतील आणि दहाला कर्णा बंद करावा लागतो, तो कायदाच आहे. म्हणून संदेश तीन मापांचा शिवून न्या : तीस मिनिटांचा, वीसचा, दहाचा. मोकळ्या मांडवात मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्दांपेक्षा जास्त वेग नको, कर्ण्याचा आवाज समोरच्या भिंतीवरून परत येतो आणि दोन वाक्यं एकमेकांत अडकतात. दहा मिनिटांत काय होणार असं वाटेल. पेन्टेकॉस्टच्या सणाच्या दिवशीचं, येशूचा शिष्य पेत्र याचं भाषण प्रेषितांची कृत्ये ह्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात जेवढं दिलंय तेवढं मोठ्याने वाचून पाहा, चार-पाच मिनिटांत संपतं. तो आणखी पुष्कळ बोलला असं पुढे लिहिलंय, हे खरं. पण लोकांच्या अंतःकरणाला टोचणी लागली ती त्याआधीच. योना संदेष्ट्याचा निनवे शहरातला उपदेश तर मूळ इब्रीत पाच शब्दांचा आहे, आणि तोही त्याने नाखुशीने दिला.

उलट बाजूला प्रेषित पौल आहे. त्रोवसला तो मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला, वरच्या खोलीत पुष्कळ दिवे होते, आणि खिडकीत बसलेला युतुख नावाचा तरुण झोप अनावर होऊन तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. पौलाने त्याला जिवंत उठवलं. तुम्हा-आम्हाला ते जमेलच असं नाही, तेव्हा वेळेत संपवा. आणि पंचांना सांगून मांडवाच्या बाजूचे पडदे दोन ठिकाणी वर बांधायला लावा. जानेवारीत थंडी म्हणून सगळं बंद करतात आणि साडेनऊपर्यंत आतल्या हवेनेच निम्मी सभा पेंगते. आपण मात्र त्याचा दोष सैतानाला देतो.

एक गोष्ट मी टाळणार होतो, पण सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका सभेत पाहुण्या वक्त्याने रोग बरे होण्यासाठी प्रार्थना केली. इथपर्यंत माझी काही तक्रार नाही, मीही आजाऱ्यांसाठी प्रार्थना करतो आणि करत राहीन. पण त्याने सांगितलं, विश्वास असेल तर उद्यापासून गोळी घेऊ नका. समोर साखरेच्या आजारावर गोळ्या घेणारी एक बहीण होती. तिने ऐकलं. आठवड्याने तिला दवाखान्यात भरती करावं लागलं. वाचली, पण पायाला जखम झाली ती बरीच चिघळली. मी त्या रात्री मंचावर, त्या वक्त्याच्या डाव्या हाताला बसलो होतो. पाहुण्यांचा मान म्हणून काही बोललो नाही. त्यानंतर ज्या सभेत प्रार्थना मागितली जाते तिथे मी माईकवरून स्पष्ट सांगतो : प्रार्थना करू, आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी सकाळी वेळेवर घ्या. लोकांवर तुमच्या शब्दाची पकड बसली की ती पकड धोक्याचीही असते. तुम्ही सामर्थ्य मागताय म्हणून हे आधीच सांगून ठेवलं.

शेवटच्या प्रार्थनेच्या वेळी पेटीवर हळू सूर धरतात, डोळे मिटायला सांगतात, हात वर करायला सांगतात आणि मग कोणीतरी वहीत आकडा लिहितं. सूर धरायला माझी हरकत नाही. आकड्याला आहे. पुढे यायचं असेल त्याला येऊ द्या, पण घाई करू नका, आणि जो आला त्याचं नाव-गाव स्थानिक पाळकसाहेबांना देऊनच तुम्ही गाडीत बसा. तुम्ही निघून जाल, त्याला पुढल्या रविवारी कोणीतरी ओळखायला हवं.

राहता राहिला तो दिवस. दुपारी झोप काढा, लाज वाटू देऊ नका. जेवण सभेनंतर. संध्याकाळी कोणीतरी आग्रहाने दुधाचा चहा आणेल, तो नको म्हणा, घशाला चिकटा धरतो. कोमट पाणी मागा. माईक तोंडापासून चार बोटं दूर धरा, बोट वाजवून "हॅलो हॅलो" करू नका, सरळ पाठ वाचायला लागा. अंधारात उभे असलेले तंबाखूवाले पाठ संपेपर्यंत हळूहळू मांडवाच्या कडेला सरकतील. त्यांच्याकडे बघू नका, नाहीतर परत मागे जातील.